झोपलेली गिऱ्हाइकं

धाकट्या,

माझं टार्गेट भरावं म्हणून तू आमच्या कंपनीचा ऑनलाइन कोर्स घेतलास आणि एकही धडा उघडला नाहीस. मग आईच्या आजारपणावरून आपलं वाजलं. ती गेली, तू अबोला धरलास, माझा नंबरही ब्लॉक केलास.

तुझी फी मात्र दर महिन्याला आपोआप कटत राहिली. फी भरून कोर्स न उघडणाऱ्यांना आम्ही 'झोपलेले' म्हणतो. धंदा त्यांच्याच जिवावर चालतो. साहेब म्हणतात, "झोपलेल्याला उठवायचं नाही. उठला की आधी आपली फीच बंद करतो." मीही तुला उठवलं नाही. फी कटली की वाटायचं, आहे बाबा कुठेतरी, धड आहे.

काल तू पहिला धडा उघडलास. त्यात आवाज माझा आहे. शेवटपर्यंत ऐकलास आणि कोर्स बंद केलास.

हे पत्र काही मी पाठवणार नाही. पण सोडून जाणाऱ्यांना कंपनीचा मेसेज जातोच: 'तुमची आठवण येते. परत या.' ते शब्द माझेच आहेत. उद्या तुला येतील, आणि तू ते जाहिरात समजून पुसून टाकशील.

तुझी,
ताई