दीडशे लिटरचा हंडा

शनिवार, १२ ऑक्टोबर

हंडा फुटला! नाताळची बिअर उकळायच्या आधी बाबा दरवर्षी नुसतं पाणी तापवून बघतात. आज पाणी कोमट व्हायच्या आतच चूल विझली. तळाला बोटभर भेग. पणजोबांच्या वेळचा तांब्याचा हंडा तो, आणि त्याला डाग देणारा तांबट कधीच वारला.

मला वाटलं, आता बाबा शिव्यांची लाखोली वाहणार. पण नाही! टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "बरं झालं. आता स्टीलचाच घेऊ. दीडशे लिटरचा."

स्टीलचा! 'स्टील हॉस्पिटलात शोभतं, माझ्या चुलीवर नाही' असं जन्मभर ऐकवत आलेला माणूस! आणि दीडशे लिटर? या घरात आम्ही दोघं. नाताळला धाकटा भाऊ होवार्द येतो बर्गेन शहरातून, शेजारचे चार जण येतात. साठ लिटर म्हणजे डोक्यावरून पाणी.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. आमच्या खोऱ्यात एवढी बिअर तीनच वेळा करतात — बारसं, लग्न, मर्तिक. बारसं कुणाचं? मी सत्तेचाळीसची. लग्न — माझं झालं आणि मोडलंसुद्धा. होवार्दपुढे लग्नाचं नाव काढलं की तो फोनच ठेवतो. मग उरलं काय?

आई गेली तेव्हा तांब्याचा हंडा लहान पडला होता. बाबांना दोनदा उकळावं लागलं. डोळे पुसत ढवळत होते. तेव्हाच म्हणाले होते, "पुढच्या वेळी मोठा हवा." पुढच्या वेळी! तेव्हा माझं लक्षच नव्हतं. आज आठवलं.

बुधवार, १६ ऑक्टोबर

औषधांच्या दुकानात आज गिऱ्हाईक कमी. मी काउंटरमागे बसून फोनवर हंडेच बघत होते. मालकीणबाई एकदा खाकरल्या, मग त्याही बघायला लागल्या.

किती प्रकार, बाई! पातळ तळाचे स्वस्त, पण लाकडाच्या जाळावर जवाचा रस खाली लागणार, करपणार. जाड, तीन थरांच्या तळाचे चांगले, पण रिकामेच उचलताना कंबर जाईल. कुणाला आतून लिटरच्या खुणा, कुणाला नाहीत. तोटी वेल्डिंगची की स्क्रूची, यावरून तर माणसं एकमेकांच्या जिवावर उठलीत. एकानं लिहिलंय, स्क्रूच्या तोटीत घाण अडकते आणि बिअर आंबते. त्याखाली दुसऱ्यानं लिहिलंय, पहिल्याला बिअर कशाशी खातात तेही माहीत नाही.

संध्याकाळी होवार्दचा फोन.

"ताई, विजेचा घे ना! बटण दाबायचं, कॉफी पीत बसायचं."

"तूच सांग बाबांना."

"नको बाई, मला अजून जगायचंय! आणि दीडशे लिटर? सगळ्या गावाला आंघोळ घालायचीये का?"

मी हसले. मग त्यानं विचारलं, "बाबा बरे आहेत ना?" म्हटलं, "ठणठणीत." खोटं बोलले की खरं, माझं मलाच कळलं नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

बाबा आज बर्गेनला जाऊन आले! मला न सांगता! सकाळच्या गाडीनं गेले, संध्याकाळी परत.

"कुठे होतात?"

"काम होतं."

"होवार्दकडे गेला होतात?"

"त्याच्याकडे कशाला जाऊ?"

ज्या माणसाला बर्गेनचा पाऊस, बर्गेनची माणसं आणि बर्गेनचा मासा, तिन्हींचा तिटकारा, तो दिवसभर तिथे करत काय होता? तिथे मोठं हॉस्पिटल आहे. इथल्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं तर ते माझ्याच हातून जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर एवढ्या लांब.

कोटाच्या आतल्या खिशाला सारखा हात लावत होते. तिथेच तर छाती असते!

शनिवार, २६ ऑक्टोबर

हंडे बघायला तालुक्याच्या दुकानात गेलो. बाबांनी फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घालून आणलं होतं — आईनं घेतलेलं, मेंढीचं चित्र असलेलं. दुकानभर प्रत्येक हंड्याला ती मेंढी लावत फिरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चिकटतंय! भेसळ आहे!"

दुकानदार बिचारा तरुण, दाढी छातीपर्यंत. "काका, तळालाच चिकटतंय ना? तो मुद्दाम तसा केलाय, विजेच्या शेगडीवर चालावा म्हणून. बाजूला लावून बघा."

बाजूला मेंढी घसरून पडली. बाबा खूश. मग अख्खं डोकं हंड्यात घालून आत "होऽऽ" करून ओरडले. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"आवाज बरा आहे," म्हणाले. "पण लहान आहे."

तो सत्तर लिटरचा होता. दीडशेचा मागवावा लागेल, दाढीवाला म्हणाला. "घरी काही कार्य आहे का, काका?"

बाबांचे कान लालबुंद झाले. मग म्हणाले, "असेल." रक्तदाब! घरी आल्याबरोबर तपासते म्हटलं तर हात झटकून टाकला. "तुझं दुकान तुझ्यापाशी ठेव. आणि तो हंडा मागव तेवढा, मला त्या कॉम्प्युटरचं काही कळत नाही."

मागवते म्हटलं.

रविवार, २७ ऑक्टोबर

चर्चमध्ये पहिल्या गाण्याला डोळे मिटणारा आणि शेवटच्या गाण्याला उघडणारा माणूस आज प्रार्थनेनंतर पाद्रीबाईंशी बोलत मागे थांबला. दार लावून! मी बाहेर गाडीत काकडत बसले. बाहेर आले ते शीळ घालत. घाबरलेली माणसं घालतात तशी.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

आईचं कपाट रिकामं केलंय. तीन वर्षं मला हात लावू दिला नव्हता. कपडे घड्या करून खोक्यांत भरलेले, वर आईचा निळा स्वेटर. "हा तू ठेव," म्हणाले. "बाकीचे कुणाला तरी देऊ. असं सगळं साठवून कुठे न्यायचंय?"

कुठे न्यायचंय! मी स्वेटर घेऊन माझ्या खोलीत गेले आणि तोंडात बोळा कोंबून रडले.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

आज काळा सूट. आरशासमोर उभे राहून विचारतात, "खांद्यात सैल झालाय का गं?" झालाय. बारीक झालेत. वॅफलवर जॅम घेणं सोडलंय, तपकिरी चीज सोडलंय. म्हटलं, भूक लागत नाही का? "लागते की!" म्हणाले. आमच्याकडे माणसाला त्याच्या चांगल्या सुटातच पेटीत ठेवतात.

म्हटलं, "छान दिसतोय." दुसरं काय म्हणणार होते?

रविवार, ३ नोव्हेंबर

आमचं विरजण उंदरांनी फस्त केलं. गेल्या वर्षीच्या बिअरच्या तळाचा साका, वाळवून डब्यात ठेवलेला — झाकण नीट लागलं नव्हतं. म्हणून पुलापलीकडच्या बोर्गहिल्डमावशीकडे गेले मागायला. या खोऱ्यात विरजणाला कुणी कुणाला नाही म्हणत नाही.

मावशी म्हणजे आईच्या वेळेपासूनची शेजारीण, सख्खी नव्हे. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, पण आवाज अजून डोंगरापलीकडे जाईल असा. आज मात्र हळू बोलत होती. विरजणाची पिशवी हातात दिली आणि हात सोडेचना.

"सिन्नोवे, बाबांनी तुला काही सांगितलं का?"

"काय?"

"नाही सांगितलं?" डोळ्यांत पाणी! "मग मी कशी सांगू? त्यांनाच सांगू दे, पोरी."

म्हणजे मावशीला माहीत आहे. पाद्रीबाईंना माहीत आहे. दाढीवाल्या दुकानदारालासुद्धा अंदाज आलाय. फक्त मला, त्यांच्याबरोबर एकाच छपराखाली राहणाऱ्या लेकीला, काही सांगायचं नाही! भीती वाटतेय आणि संतापही येतोय. दोन्ही एकदम.

सोमवार, ४ नोव्हेंबर

हंडा मागवला. सत्तरचा.

दीडशेचं बटण समोर होतं. बोट तिथवर गेलं आणि परत आलं. मोठा हंडा घरात आला तर तो भरावाच लागेल — म्हणून तो येऊच नये. वेडेपणा आहे, मला कळतं. पण माझा जीव थाऱ्यावर नाही, त्याला काय करू?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आला. बाबांनी खोकं अंगणातच फोडलं. कागद, थर्माकोल, मग तो चकचकीत हंडा. आत डोकावले, लिटरच्या खुणा बोटानं वाचत वर आले, आणि थांबले.

"सत्तर?"

"चुकून झालं."

माझ्याकडे बघत राहिले. मी लहानपणी काच फोडायचे तेव्हा बघायचे तसे. मग पालथ्या बादलीवर बसले.

"हा पुरणार नाही, पोरी."

"नाताळला पुरेल."

"नाताळचं कोण बोलतंय?"

मी मेंढ्यांना बघायचं निमित्त करून पळाले. मेंढ्या जागच्या जागी होत्या. मी गोठ्यातच बसून राहिले.

परत आले तर बाबा हंडा सोड्याच्या पाण्यानं घासत होते, कारखान्याचं तेल जावं म्हणून. हळूहळू, आतून बाहेरून. नवीन हंड्यावर राग काढत नाहीत ते. माझ्यावर काढला असता तरी चाललं असतं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज उकळली. सकाळपासून चुलघरात दोघंच, आणि बोलणं कामापुरतं. "लाकूड सरकव." "फांद्या आण." जुनिपरच्या झुडपाच्या वासाच्या फांद्या गरम पाण्यात, त्या पाण्यात जव, मग गाळलेला रस नवीन हंड्यात. स्टील तांब्यापेक्षा लवकर तापतं की उशिरा, यावर एरवी आमचं दिवसभर भांडण झालं असतं. आज बाबांनी नुसतं झाकण उचलून बघितलं. रस खाली लागला नाही. तळ जाड घेतला ते बरं केलं, तेवढं तरी मी नीट केलं. दुपार टळेपर्यंत उकळून रस लालसर झाला, घरभर वास. आईला हा वास फार आवडायचा.

मग रस निवू दिला, पिंपात ओतला. आता विरजण. आमच्याकडे विरजण पडताना ओरडायचं असतं, पोटातून. जितकं जोरात ओरडाल तितकी बिअर कडक. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. या वर्षी आवाज निघेल का? छातीला झेपेल का?

बाबा ओरडले. बाप रे! छपरावरचं धुराडं हललं असेल. पलीकडच्या डोंगरावरून तोच आवाज परत आला. कुत्रं भुंकायला लागलं.

"आता तू," म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि ओरडणं राहिलं बाजूलाच. हुंदका फुटला. आणि मग जे महिनाभर दाबून ठेवलं होतं ते सगळं बाहेर आलं — "मी नाही उकळणार! तुमच्या मर्तिकाची बिअर मी नाही उकळणार, सांगून ठेवते! आणा किती मोठा हंडा आणायचा तो! मुद्दामच लहान मागवला मी!"

बाबांच्या हातातून पळी पिंपात पडली.

"माझं मर्तिक?"

"मग कुणाचं? हॉस्पिटल काय, पाद्रीबाई काय, सूट काय! मावशीसुद्धा रडली माझ्यासमोर! सगळ्यांना सांगता आणि मला..."

बाबांनी पिंपावर घोंगडी टाकली, चारी बाजूंनी नीट खोचली. टोपी घातली. "येतो," म्हणाले आणि कोट न घालताच पुलाकडे चालायला लागले, या थंडीत.

स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून लिहितेय. अजून आले नाहीत.

रविवार, १७ नोव्हेंबर

लग्न! बाबांचं! बोर्गहिल्डमावशीशी!

काल दोघं हात धरून पूल ओलांडून आले. बर्गेनला अंगठी आणायला गेले होते. मला सांगायला धीर होत नव्हता म्हणे, "तुला आईचं वाईट वाटेल." वाटलं. थोडं वाटलं. आणि त्याच वेळी इतकी हसले की मावशीनं मला धरून खुर्चीवर बसवलं.

मार्चमध्ये. अख्खं खोरं येणार. आणि हंडा सत्तरचा! आताच दीडशेचा मागवते म्हटलं, मार्चपर्यंत सहज येईल. तर बाबा नको म्हणाले.

"दोनदा उकळू. तुझ्या आईसाठी पण दोनदाच उकळली होती."