ठासणीच्या बंदुकीला नवा मालक देऊ नये म्हणून

प्रति,
मा. शस्त्र-परवाना अधिकारी,
शस्त्र-परवाना कचेरी,
बेंगळूर शहर.

अर्जदार: हणमंतराव जयसिंगराव काटे, वय ६१, मोजणी खात्यातील निवृत्त नकाशेकार, राहणार चामराजपेट, बेंगळूर.

विषय: आमच्या घराण्यातील एकनळी ठासणीची बंदूक माझा धाकटा भाऊ फत्तेसिंग यांस न देता सरकारजमा करून मोडून टाकण्याबाबत.

संदर्भ: (१) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. (२) आपल्या कचेरीचे दि. ६ सप्टेंबर १९६५ चे पत्र.

महोदय,

१. संदर्भीय पत्रात असे कळविले आहे की, सदर बंदुकीचा परवाना फत्तेसिंग यांच्या नावे करण्याचे ठरत असून, पंधरा दिवसांत माझी हरकत न आल्यास माझी संमती आहे असे समजण्यात येईल. सबब ही हरकत. आधीचे तीन अर्ज मी कचेरीबाहेरच्या अर्जनविसाकडून इंग्रजीत व कन्नडात लिहवून घेतले होते. त्याने त्यात 'कृपाळू होऊन' इतक्या ठिकाणी घातले की माझे म्हणणे त्याखाली दडपून गेले. आपण धारवाडकडून बदलून आला आहात व मराठी उत्तम वाचता असे समजल्यावरून हा चौथा अर्ज माझ्या हाताने व माझ्या भाषेत लिहीत आहे. भाषा थोडी कडक झाल्यास दोष माझा.

२. आमचे घराणे फौजेबरोबर इकडे आले, त्यास तीनशे वर्षे होत आली असे घरात सांगतात. सांगायचे आणि मिशीवरून हात फिरवायचा, एवढीच आता आमची शिपाईगिरी. वडील शाळामास्तर होते, मी नकाशे काढले, फत्तेसिंग कापडाच्या दुकानात आयुष्यभर वार मोजत बसला. तीन पिढ्यांत कोणी उंदीर मारल्याचे ऐकिवात नाही. पण खंडेनवमी आली की आमच्या अंगात येते. बंदूक पुसून, तेल देऊन पूजेला ठेवायची. आणि आमच्या घरचा रिवाज असा की रिकामे हत्यार पुजायचे नाही. म्हणून दारू व छर्रे ठासून, ठिणगी पाडणारी केप चढवून ती देव्हाऱ्याशेजारी भिंतीला उभी करायची व तोंडापासून चापापर्यंत झेंडूचा हार घालायचा. पुजलेले हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत जागचे हलवायचे नाही. मग ते बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली नेऊन आभाळात बार काढायचा. म्हणजे भरलेली बंदूक दोन दिवस व एक रात्र पोराबाळांच्या घरात उभी. यात आमच्यापैकी कोणालाही काही वावगे वाटले नाही.

३. सन १९६३ च्या दसऱ्याला सकाळी माझी मुलगी भाग्यलक्ष्मी आदल्या दिवशीचे सुकलेले हार उतरवीत होती. हार बदलण्याचे काम बायकांकडे असते, त्यास रिवाजाची हरकत नाही. मुलीचे वय तेव्हा एकोणीस. टाइपरायटिंगची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेली, पुढच्या सोमवारी एका कारखान्याच्या कचेरीत रुजू व्हायची होती. तिने उजव्या हाताने नळीचे तोंड धरले व डाव्या हाताने हार वर ओढला. हाराचा दोरा घोड्यात अडकला, घोडा उचलला जाऊन केपवर आपटला व बार झाला. उजव्या हाताची चार बोटे आणि निम्मा तळवा गेला. माझी पत्नी सकवारबाई हिने धावत येऊन मुलीला धरले. फत्तेसिंगने धावत येऊन बंदूक धरली, खाली पडून दस्ता फुटू नये म्हणून. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

४. बंदूक त्याच दिवशी आमच्या भागातील ठाण्यात जमा झाली. परवाना माझ्या नावे असल्यामुळे मी पहिला अर्ज केला की परवाना रद्द करावा, मला हे हत्यार नको. उत्तर आले की परवाना रद्द करता येईल; परंतु बंदूक ही घरची मालमत्ता असल्याने ती परवाना असलेल्या वारसास किंवा दुकानदारास द्यावी लागेल. दुसरा अर्ज केला की ती मोडून टाकावी. उत्तर आले, 'हत्यार सुस्थितीत असल्याने मोडण्याचे कारण दिसून येत नाही.' हत्यार सुस्थितीत आहे हे खरे आहे. माझ्या मुलीच्या हाताची स्थिती कशी आहे, हा रकाना आपल्या नमुन्यात नसावा. तिसऱ्या अर्जास उत्तर नाही.

५. गेल्या खंडेनवमीला ठाण्यात सरकारी हत्यारांबरोबर जमा हत्यारांचीही पूजा झाली. मी दुसऱ्या दिवशी चौकशीस गेलो, तो आमच्या बंदुकीच्या नळीवर हळद, कुंकू आणि झेंडू. जमादाराने माझ्या हातावर चुरमुऱ्यांचा प्रसाद ठेवला व म्हणाला, "काय सुंदर वस्तू आहे राव! असलं काम आता होत नाही." मला ठाण्याच्या पायरीवर ओकारी झाली. हे वाक्य सजावटीसाठी लिहिलेले नाही. पायरी धुवायला शिपाई बोलवावा लागला.

६. आता फत्तेसिंगबद्दल. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो हा. बेळ्ळंदूर तळ्याकाठी आमची सामाईक दोन एकर जमीन आहे. तेथे रानडुकरे नाचणीची नासाडी करतात, सबब पिकाच्या रक्षणासाठी बंदूक पाहिजे, असे त्याने अर्जात लिहिले आहे व ते खरे असल्याचा गावचा दाखलाही जोडला आहे. मी स्वतः बस धरून व पुढे पायी जाऊन पाहून आलो. तळ्यात बदके होती. बांधावर धोब्याची दोन गाढवे होती. जमीन कसणाऱ्या म्हाताऱ्या शिवाप्पाला डुकरांचे विचारले, तर तो हसून म्हणाला, "डुक्कर? माझ्या आजानं बघितलं असंल, सामी." ज्याने दाखला दिला त्याला डुक्कर नेमके कोठे दिसले, याचा नकाशा मी फुकट काढून देण्यास तयार आहे.

खरे कारण वेगळे आहे. येत्या खंडेनवमीला बंदुकीवाचून घर उघडे दिसेल, भाऊबंद काय म्हणतील, हे ते कारण. मी विरोध करताच त्याला एकाएकी देश आठवला. "अण्णा, सरहद्दीवर लढाई पेटली आहे, आता घरोघर बंदूक पाहिजे," असे तो चारचौघांत सांगतो. ठासणीची बंदूक भरून होईपर्यंत शत्रू आमच्याकडे जेवून, पान खाऊन परत जाईल. दुसरे त्याचे म्हणणे, इंग्रजाने कायदा करून रयतेची हत्यारे काढून घेतली, स्वराज्यात ती प्रत्येकाला मिळालीच पाहिजेत, निःशस्त्र माणूस तो कसला नागरिक. ऐकायला छान आहे. पण आमची बंदूक इंग्रजाने कधी काढून घेतली नव्हती. वडिलांनी साहेबाला वाकून सलाम करून परवाना मिळवला होता. आणि स्वराज्यात हत्यार माणसावर चालले ते एकदाच, झेंडूचे हार काढणाऱ्या मुलीवर. उचलली जीभ लावली टाळ्याला, याला मी देशभक्ती म्हणत नाही. ज्याला खरोखर रान राखायचे आहे त्याला सरकारने खुशाल बंदूक द्यावी, माझे काही म्हणणे नाही. भिंतीला टेकवून मिरवायला देऊ नये. फत्तेसिंगच्या घरात तीन नातवंडे आहेत, थोरला सात वर्षांचा. देव्हाऱ्यावर चढून तो खडीसाखर चोरतो.

७. गेल्या आठवड्यात मी आपल्या कचेरीत येऊन गेलो. आपण दौऱ्यावर होता. तेथील वृद्ध कारकुनाने मला बसवून घेतले, पाणी दिले आणि नियम समजावला. तो म्हणाला, "गुन्ह्यातलं हत्यार असेल आणि कोर्टानं हुकूम केला, तरच सरकार जप्त करून मोडतं. तुमच्या बंदुकीनं गुन्हा कुठं केलाय? कागदोपत्री मुलीची चूक आहे. स्वल्प शांत व्हा, हणमंतराव." असे म्हणून त्याने पंचनाम्याची नक्कल माझ्यापुढे ठेवली.

८. ती मी दोन वर्षांनी प्रथमच वाचली. त्यात माझा जबाब आहे की बंदूक रिकामीच पुजण्याचा आमचा रिवाज आहे. ती केव्हा व कोणी भरली मला ठाऊक नाही. मुलगी मना केले असतानाही हत्याराशी खेळत असे. हा जबाब साफ खोटा आहे. मुलगी कधी खेळली नाही, मी कधी मना केले नाही. नवमीच्या सकाळी दारू मी मोजली, छर्रे मी घातले, गजाने मी ठासले व केप मी चढवली. पेन्शन जाईल, खटला होईल, घराण्याची अब्रू जाईल, म्हणून फत्तेसिंग म्हणाला तसे मी बोललो. शुद्धीवर येऊन दोन दिवस न झालेल्या मुलीपुढे तो कागद धरून तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. टाइपरायटिंग पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलीचा अंगठा! मी शाईची डबी धरून उभा होतो. जमादाराचा, कारकुनाचा, भावाचा मला वीट आला हे वरील मजकुरावरून दिसतेच. त्या सर्वांहून मला माझी किळस येते.

तरी माझी विनंती अशी होती की भरलेले हत्यार निष्काळजीपणे ठेवून मुलीस जायबंदी केल्याबद्दल व खोटा जबाब दिल्याबद्दल माझ्यावर खटला भरावा, म्हणजे बंदूक गुन्ह्यातील ठरून नियमाप्रमाणे मोडता येईल. काल रात्री हा मसुदा मी भाग्यलक्ष्मीला वाचून दाखवला. दोन वर्षांत तिने मला त्या जबाबाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. ती ऐकून घेऊन म्हणाली, "अप्पा, आधी माझं नाव काढायला लावा. बंदुकीचं मागनं बघू."

सबब विनंतीचा क्रम बदलून पुन्हा लिहीत आहे. पहिली, पंचनाम्यातील माझ्या मुलीचा दोष खोडून तेथे माझे नाव घालावे. दुसरी, खटला भरावा. तिसरी, बंदूक.

आपला,
आजवर नम्र राहिलेला,
हणमंतराव जयसिंगराव काटे
बेंगळूर, दि. १७ सप्टेंबर १९६५

सोबत: (१) आपल्या पत्राची नक्कल. (२) पंचनाम्याची नक्कल. (३) माझा दुरुस्त जबाब, दोन प्रतींत. लिहून घेणार: कु. भाग्यलक्ष्मी काटे. सही तिची, डाव्या हाताची.