बाकावरचा हुकमाचा एक्का

३ डिसेंबर
आजही उएहाराने मला बाकावरच ठेवलं. हा आमच्या बास्केटबॉल टीमचा कोच. कॉलेजात माझा ज्युनियर होता, माझे बूट पुसायचा. म्हणजे माझी किंमत त्याला पक्की ठाऊक. हुकमाचा एक्का कुणी पहिल्याच हाताला टाकतं का?
संकल्प : पहाटे धावणे. उद्यापासून.

४ डिसेंबर
बर्फ. धावणं रद्द.

९ डिसेंबर
मेहुणा ताकेओ जेवायला आला. त्याचा माशांच्या वड्यांचा कारखाना आहे. म्हणाला, "दाजी, सदतीस झालात. नव्या वर्षापासून माझ्याकडे या. थर्ड डिव्हिजनचा बाक किती दिवस उबवणार?"
मी समजावलं, खरा खेळाडू याच वयात पिकतो. चिझुरू म्हणाली, "पिकलं की गळतंही." बायको विनोदी आहे.
ताकेओला थांबायला सांगितलंय. तोवर फर्स्ट डिव्हिजनचा फोन येईलच.

१४ डिसेंबर
प्रॅक्टिसमध्ये एकही बास्केट नाही. रिंग तिरकी आहे. मॅनेजरने मोजून दाखवली, सरळ निघाली. पण टेप त्याचीच ना!

२० डिसेंबर
टीममध्ये फ्लू. वाईट वाटलं. फार नाही. उद्या आओमोरीशी घरची मॅच आणि आठच जण उभे. चिझुरूला म्हटलं, ताकेओला घेऊन ये. डोळे उघडतील त्याचे.

२१ डिसेंबर
शेवटच्या क्वार्टरला दोघे फाउल होऊन बाहेर, एकाचा घोटा मुरगळला. उएहाराने बाकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझं नाव घेतलं, "होसाकासान, चला."
टाळ्या! मी ऐटीत ट्रॅकपँट खाली ओढली.
आत शॉर्ट्स नव्हती. हॉल गारठलेला असतो, म्हणून महिनाभर आत लोकरी पायजमाच घालतोय, हे साफ विसरलो. पंच म्हणाले, या वेशात खेळता येणार नाही.
आमचे चौघेच खेळले. जिंकले.
सगळा हॉल हसत होता. चिझुरू हसत नव्हती. तेच लागलं.

२८ डिसेंबर
उएहारा घरी आला. दारातच पुन्हा पुन्हा वाकला. "दादा, पुढच्या मोसमात..." म्हणाला आणि रडायलाच लागला. शेवटी मीच त्याची समजूत घातली. चहा पाजला.
फोन आला. ताकेओचा.

६ जानेवारी
कारखान्यात पहिला दिवस. वरच्या फळीवरची पातेली काढायला बायका शिडी शोधत होत्या. एक म्हणाली, "अहो उंच, जरा बघता का?"
टाचासुद्धा न उचलता सगळी उतरवली. सगळ्या बघत होत्या.
"छान," ती म्हणाली. "आता घासायला घ्या."