कॅरलची चार रोपं

शनिवार, १४ एप्रिल २००७, सॅक्रॅमेंटो

आज कॅरलने रोपं मोठ्या कुंड्यांत हलवली. एकटीने! शेजारची ही निवृत्त शिक्षिका. कीमोमुळे तिच्या पोटात अन्न ठरत नाही, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाल्कनीत गांजाची चार रोपं वाढवते. कॅलिफोर्नियात ते चालतं, केंद्राच्या कायद्यात मात्र नाही. पण आमचे नवरोबा समीर दोन दिवस बजावत होते, "यार, हात लावू नकोस. आपण व्हिसावर आहोत." तिने आज बोलावलं होतं, तर मी मदतीला नकार द्यायची वाक्यं पाठ करून गेले.

तिने दारातच सांगितलं, "तू नुसती खुर्चीत बस. तुमचा व्हिसा आहे, मातीला हात लावायचा नाही."

माझ्या चेहऱ्यावर दिसत होतं का सगळं? इतकी शरमले.

रोपांची ही जात ठरावीक वय झालं की आपोआप फुलते. मूळ दुखावलं तर सावरायला वेळच मिळत नाही, असं ती म्हणाली. तिचे हात थरथरत होते. तरी कुंडी उपडी करून मातीचा गोळा तिने अलगद, न फोडता, तळहातावर घेतला. त्या हातांवरून माझी नजर हलेना. खत घरचंच, आमच्याकडच्या भाज्यांच्या सालींचं. चौथ्या रोपापाशी दमून खाली बसली, पण मला उठू दिलं नाही.

संध्याकाळी वरणभात नेला. चार घास खाल्ले तिने.

समीरला सगळं सांगितलं. तर म्हणाला, "उद्याचा डबा मी नेतो."