भीमेत उभ्याने

दौंड, मंगळवार, २ मार्च २००४

संध्याकाळ नासली. एरवी मी पहाटे नदीवर जातो, तेव्हा घाटावर कोणी नसतं; आज संध्याकाळी गेलो. थर्मोकोलवर प्लायवूड ठोकून केलेल्या फळीवर उभा राहून लांब बांबूने वल्हवत होतो. आज पहिल्यांदाच पाय थरथरत नव्हते. इतक्यात काठावर माणसं जमली. "कोण बुडालं?" बांबू घेऊन पाण्यात उभा असलेला माणूस प्रेतच शोधत असणार, दुसरं काय.

म्हशीवाल्या शकीलाबी धावत आल्या. नवरा म्हशी धुवायला गेलेला. तो पलीकडे दिसला तशा त्या मटकन खाली बसल्या.

कोणी बुडालेलं नाही, मी नुसता वल्हवतोय, असं मी काठाला येऊन सांगितलं. "मग उभं कशापायी ऱ्हाता, सर?" देवळातल्या आप्पांनी विचारलं.

मजा वाटते, असं शकीलाबींसमोर म्हणवेना. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग बसून वल्हवा की. तुम्ही उभं दिसलात की गावाच्या पोटात गोळा येतो."

खरंच आहे त्यांचं. मग मी चिडलोय कोणावर? परतताना बसूनही पाहिलं. नदी तीच, बांबू तोच, पण त्यात काही राम नाही.

उद्या जावं का? शकीलाबींचं ते मटकन बसणं डोळ्यांपुढून हलत नाही. आणि आज पाय थरथरत नव्हते, हेही.