तिसऱ्या शाखेचा तोटा

तीर्थस्वरूप आत्या,

मांडीवर लॅपटॉप असल्यामुळे वाकता येत नाही, तरी साष्टांग नमस्कार घातला असं समज. तुझा गुडघा कसा आहे? (आमच्या ऑफिसात वर्गणी भरली की देशोदेशीच्या गुडघ्यांची आकडेवारी मिळते, नेमका तुझा तेवढा त्यात नाही.) काकांचा खोकला आणि त्यांचं माझ्याविषयीचं मत, दोन्ही जैसे थे असतील.

मागे फोनवर तू विचारलंस, "तू नक्की करतोस काय रे?" मी मॅनेजमेंट कन्सल्टंट आहे, म्हणजे लोकांचा धंदा त्यांनाच समजावून सांगतो. पूर्वी त्यासाठी धंदा समजून घ्यावा लागे, आता सॉफ्टवेअर मिळतात. एक आलेख काढतं, एक प्रश्नावल्या पाठवून लोकांना भंडावतं, एक बैठकीत आम्ही काय बोललो ते लिहून ठेवतं (आम्हाला नंतर आठवत नाही म्हणून), आणि सगळ्यात महागडं ते डॅशबोर्डवालं. त्यात आकडे घातले की कुठली शाखा बंद करायची ते कळतं. कुठली उघडायची ते सांगणारं अजून निघालेलं नाही.

तर एक गादीवाले शेठ आमच्याकडे आले. गाद्यांचा कारखाना, दोन शाखा, आणि स्वतः अगदी त्यांच्या मालासारखे, भरलेले आणि मऊ. त्यांचे आकडे मी डॅशबोर्डात घातले, फक्त 'जतन करा' हे बटण दाबायचं राहिलं. तरी आलेख आले, आणि काय देखणे आले म्हणून सांगू! आमच्या साहेबांनी ते बारकाईने पाहिले आणि तोट्याचा लाल रंग जरा गडद करायला सांगितला. झाली तपासणी. मग मी शेठजींसमोर उभा राहून तिसऱ्या शाखेच्या तोट्यावर तोंडाला फेस येईपर्यंत बोललो. शाखा बंद करा, तिच्या मॅनेजरला नारळ द्या, असं बजावलं. आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं दिसली: 'हे आकडे केवळ नमुन्यादाखल.' सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी दाखवायला म्हणून भरलेली कुठलीतरी खोटी कंपनी! आत्या, मी पटकन त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. शेठजींनी मात्र डोळे मिटून मान हलवली. "मला वाटतच होतं, तिसऱ्या शाखेत कुठेतरी पाणी मुरतंय."

साहेबांना मी खरं काय ते सांगितलं. शेठजींना कळलं तर तू घरी, नाही कळलं तर तुझी बढती, असं ते चहा ढवळत म्हणाले. मी देव पाण्यात घालून बसलो. दुसऱ्या दिवशी शेठजींचा फोन! आपल्याला तिसरी शाखाच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण रागावणं दूरच, बिचारे ओशाळले होते. एवढा महागडा रिपोर्ट चुकेल कसा? चूक त्यांचीच, शाखा काढायची राहून गेली! आता ती तातडीने काढायची, म्हणजे ती बंद करून रिपोर्टातली बचत पदरात पाडून घेता येईल. साहेबांनी या कामाला 'टप्पा दोन' असं नावही देऊन टाकलं.

बाकी ठीक. माझी बढती जवळ आली, हे काकांना सांग. जरा मोठ्याने सांग.

तुझा हुशार (असं तूच म्हणतेस) भाचा

ता. क. घरामागचं तुझं गोदाम रिकामंच आहे ना? शाखेसाठी हवं आहे. जागा आडबाजूला आहे, तिकडे गिऱ्हाईक चुकूनही फिरकत नाही, हे मी शेठजींना आवर्जून सांगितलं. ऐकून ते फार खूश झाले.

पुन्हा ता. क. गोदामात गाद्या आल्या की एक माझ्यासाठी कोपऱ्यात अंथरून ठेव. शाखेचा मॅनेजर म्हणून माझी नेमणूक झाल्याचं आत्ताच कळलं. साहेब म्हणतात, हीच ती बढती. काकांना अजून सांगितलं नसशील तर राहू दे. मॅनेजरला नारळ कधी द्यायचा, ते पान मीच लिहिलंय.