पालथा हात

आई, माझे हात आता तुझ्यासारखे दिसत नाहीत. गेल्या महिन्यात मी ते भरून घेतले. पोटावरची चरबी सुईने ओढून काढतात आणि हाताच्या पाठीवर कातडीखाली सोडतात, म्हणजे शिरा बुजतात आणि हात तरुण दिसतो.

पुढच्या आठवड्यात तुझ्या नातीचं लग्न आहे. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. कन्यादानाला पाण्याची धार मी सोडणार, आणि फोटोवाला नेमका तेव्हाच कॅमेरा हातांजवळ आणणार. "मम्मी, चेहऱ्याला मेकअप होईल गं, पण हात बघ ना तुझे. अल्बममध्ये कसे दिसतील?" ती लाडानेच म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

दादरच्या त्या क्लिनिकात भिंतभर हातांचे फोटो, मनगटापासून तोडून टांगल्यासारखे, 'आधी' आणि 'नंतर'. डॉक्टरीणबाईने माझी कातडी चिमटीत धरली. "मॅडम, तुमचीच चरबी आहे, एकदम नॅचरल." माझी ती चरबी मी पाहिली. पिवळट, लिबलिबीत, मध्येच रक्ताचा धागा. हातात सोडून झाल्यावर बाईने ती अंगठ्याने दाबत दाबत पसरवली, पोळीत पुरण सारखं करतात तशी. शी! आणि एवढं झाल्यावर तिथल्या मुली माझं अभिनंदन करत होत्या.

आपली लालबागची खोली आठवते. मे महिना आहे, तू अख्ख्या चाळीच्या मसाल्याच्या मिरच्या खुडतेस, भाजतेस, तळहात नुसते पेटलेले असतात. मी जवळ आले की ओरडतेस, "सरक गो, हात तिखटाचे आसत माझे!" आणि लगेच तोच हात पालथा करून माझ्या गालावरून फिरवतेस. डोळे पुसायचे ते पालथ्या हाताने, ताप बघायचा तोही तसाच. मिरच्या संपल्या तरी तुझी सवय गेली नाही. तुझा तळहात मला आठवतच नाही. आठवतात त्या वर आलेल्या शिरा आणि सैल कातडी. पन्नाशीनंतर माझे हात तसेच दिसायला लागले, तेव्हा मला खरं तर बरं वाटलं होतं. तुझं म्हणून एवढंच माझ्या अंगावर उरलं होतं, आणि एका अल्बमसाठी मी ते बुजवून टाकलं. माझीच मला किळस येते.

काल लेकीला कणकण वाटत होती. मी सवयीने पालथा हात तिच्या कपाळाला लावला. डोळे मिटूनच ती म्हणाली, "मम्मी, किती मऊ झालाय गं हात!"

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. ताप नव्हताच तिला, ते लगेच कळलं होतं. तरी मी हात काढला नाही. ती पुन्हा एकदा तसं म्हणेल म्हणून थांबले होते.